एकशे सत्तावीस अक्षरांचे वृत्त

गणिताशी माझे कधी जमले नाही. दहावीच्या परीक्षेत मी या विषयात काठावर सुटलो आणि निकालाच्या दिवशीच त्याचा कायमचा निरोप घेतला. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो, कॉलेजात शिकवू लागलो आणि आता सुखरूप सुटलो असे मानू लागलो. पण सुटका अशी होत नसते. गेल्या वर्षी वृत्ते शिकवता शिकवता हा विषय मला मागच्या दाराने येऊन भेटला, आणि भेटला तो असा की त्याने माझी कित्येक रात्रींची झोप उडवली.

झाले ते असे. प्रथम वर्षाच्या वर्गात मी मंदाक्रांता समजावीत होतो. म, भ, न, त, त आणि शेवटी दोन गुरू. एकूण सतरा अक्षरे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, सतरा अक्षरांत लघु-गुरूंच्या अशा वेगवेगळ्या रचना एकूण किती होतील?" उत्तर मला येत नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण मुलगा एवढ्यावर थांबला नाही. खाली बसता बसता तो म्हणाला, "आणि सर, रागावू नका, पण या लघु-गुरूंचा आज उपयोग काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी स्टाफरूममध्ये मिळाले. दुसऱ्याचे मिळायला बरेच दिवस लागले.

पिंगलाचा प्रस्तार

आमच्या गणिताच्या प्राध्यापकांनी चहाचा कप खाली न ठेवताच हिशेब सांगितला. "अहो, पहिले अक्षर लघु किंवा गुरू, म्हणजे दोन प्रकार. दुसरेही तसेच, म्हणून दोन दुणे चार. तिसऱ्याला आठ. तुमचे गण आठच का आहेत, हे कधी मनात आले नाही का?" खरोखरच आले नव्हते! य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण मी वर्षानुवर्षे घोकून घेत आलो. पण तीन अक्षरांच्या रचना नेमक्या आठच होतात, नववी होऊच शकत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला सांगितले नव्हते.

सतरा अक्षरांसाठी २ हा आकडा सतरा वेळा घेऊन गुणायचा. उत्तर १,३१,०७२. मंगलाष्टके ज्या वृत्तात आपण लग्नात ऐकतो त्या शार्दूलविक्रीडिताची अक्षरे एकोणीस. त्याच्या रचना ५,२४,२८८. हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पिंगलाच्या छंदःशास्त्रात तो आहे. सगळ्या रचना ओळीने मांडण्याला 'प्रस्तार' म्हणतात. त्याची पहिली ओळ सर्व गुरूंची आणि शेवटची सर्व लघूंची.

"आता एक गंमत करा," प्राध्यापक म्हणाले. "त्या प्रस्तारातली सर्वगुरूची पहिली ओळ वगळा. उरल्या किती?"

"सतरा अक्षरांच्या १,३१,०७१. एकोणीस अक्षरांच्या ५,२४,२८७."

"या दोन्ही मूळ संख्या आहेत. कशानेही भाग जात नाही. आता घरी जा आणि बाकीची वृत्ते तपासा."

वृत्तांची परीक्षा

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः याखेरीज कशानेही भाग जात नाही ती. २, ३, ५, ७, ११, १३ अशी. बाकीच्या संख्या या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनतात, जशी बाराखडी मुळाक्षरांपासून बनते.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी पाटीपेन्सिल घेतल्यासारखा कागद घेऊन बसलो. मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात बारा अक्षरी. एक वगळून ४,०९५. शेवटी ५ आहे म्हणजे पाचाने भाग गेलाच. मालिनी पंधरा अक्षरी. एक वगळून ३२,७६७. याला सातांनी भाग जातो. का जातो तेही उमगले. मालिनीचे पाच पूर्ण गण पडतात आणि प्रत्येक गणाचे आठ प्रकार. म्हणजे आठ पाच वेळा गुणून एक वजा करायचा. ९९,९९९ ला ज्या कारणाने ९ ने भाग जातो, त्याच कारणाने इथे ७ ने जातो. थोडक्यात, अक्षरसंख्येचे सारखे तुकडे पडत असतील तर उत्तर मूळ संख्या निघणे शक्य नाही. म्हणजे अक्षरसंख्या स्वतःच मूळ हवी. सतरा आणि एकोणीस तशा आहेत.

मग अकरा अक्षरांची इंद्रवज्रा? अकरा ही मूळ संख्या. एक वगळून २,०४७. मी मोठ्या आशेने भागाकार करीत गेलो. ३ ने नाही, ७ ने नाही, १३ ने नाही... आणि २३ ने गेला! २३ गुणिले ८९ म्हणजे २,०४७. अक्षरसंख्या मूळ असली तरी भरवसा नाही, हा धडा मिळाला. तोवर रात्रीचे साडेबारा वाजले होते. "अहो, पेपर तपासताय का?" असे आतून विचारले गेले. मी "हो" म्हणालो. वृत्तांचे पेपर तपासणेच ते!

एका धर्मगुरूची यादी

या संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात. मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) हा फ्रान्समधला एक धर्मगुरू. युरोपभरच्या पंडितांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. १६४४ साली त्याने आपल्या एका ग्रंथात असे विधान केले की, २५७ पर्यंतचे घात घेतले तर २ च्या फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घातांतून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते. तीन शतके गणितज्ञ ही यादी तपासत राहिले. अखेर तीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ हे चुकीने आले होते. ६१, ८९ आणि १०७ हे राहून गेले होते.

पण १२७ बरोबर निघाला. आमच्या भाषेत सांगायचे तर एकशे सत्तावीस अक्षरांचे वृत्त. सव्वीसपेक्षा अधिक अक्षरांच्या वृत्तांना दंडक म्हणतात. तेव्हा हा महादंडकच म्हणायचा. त्याच्या प्रस्तारातली सर्वगुरूची ओळ वगळली की ज्या ओळी उरतात त्यांची संख्या अशी:

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७

एकूण एकोणचाळीस आकडे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. पण परार्धाला परार्धाने गुणले तरी पस्तीसच आकडे होतात; ही संख्या त्याच्याही सतरा हजार पट आहे. आज पृथ्वीवर सुमारे आठशे कोटी माणसे आहेत. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. विश्वाच्या पहिल्या क्षणापासून ही सगळी माणसे दर सेकंदाला या प्रस्तारातली एकेक ओळ म्हणत आली असती, तरी आजवर चार हजार कोटींतला एक हिस्साही म्हणून झाला नसता.

आता सांगा, ही मूळ संख्या आहे हे ठरवायचे कसे? मी इंद्रवज्रेला भाग देत बसलो तसे बसून चालणार नाही. संख्येच्या वर्गमुळापर्यंतचे भागाकार करावे लागतात, आणि सेकंदाला एक या वेगानेही त्याला सुमारे चाळीस हजार कोटी वर्षे लागतील.

लूकाची युक्ती

हे काम १८७६ साली एका माणसाने हाताने केले. त्याचे नाव एदुआर्द लूका. जन्म १८४२ चा, फ्रान्समधल्या आमियाँ गावचा. तरुणपणी तो पॅरिसच्या वेधशाळेत होता. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यावर अधिकारी होता. युद्ध संपल्यावर विद्यालयात गणित शिकवू लागला. म्हणजे पेशाने आमच्यापैकीच, मास्तर!

त्याची युक्ती अशी की भागाकार करून अवयव शोधायचेच नाहीत. त्याऐवजी ३ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे. आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा. उत्तर आपल्या संख्येहून मोठे झाले की तिने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांक जितका, त्याहून दोन कमी इतक्या वेळा हे करायचे. शेवटी बाकी शून्य उरली तर संख्या मूळ, नाहीतर नाही.

वाचकांपैकी कोणाच्या हाताशी कागद असेल तर सात अक्षरांचे उदाहरण करून पाहावे. संख्या १२७. पहिले पद ३. तीनाचा वर्ग ९, वजा २, उरले ७. साताचा वर्ग ४९, वजा २, उरले ४७. सत्तेचाळिसाचा वर्ग २,२०९, वजा २, म्हणजे २,२०७. १२७ ने भागून बाकी ४८. पुढे २,३०२, बाकी १६. पुढे २५४, आणि २५४ म्हणजे १२७ ची बरोबर दुप्पट. बाकी शून्य! पाच पायऱ्यांत निकाल. उलट इंद्रवज्रेच्या २,०४७ ला हीच कसोटी लावली तर ३, ७, ४७, १६०, १,०३४, ६२०, १,६०९, १,४७१ असे होत होत पुन्हा १६० वर गाडी येते आणि त्याच रिंगणात फिरत राहते. शून्य कधीच येत नाही.

(३ पासूनची ही कसोटी ४ ने भागल्यास बाकी ३ उरणाऱ्या घातांकांना लागू पडते, ७, ११ आणि १२७ तसेच आहेत. १९३० साली लेमर या अमेरिकन गणितज्ञाने तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. तो ४ पासून सुरुवात करतो, आणि ती २ खेरीज सर्व मूळ घातांकांना चालते.)

हे ३, ७, ४७ कुठून आले, ते पाहून मात्र मी चमकलो. १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ अशी एक माळ आहे. प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज. तिला लूकाची माळ म्हणतात. तिची थोरली बहीण म्हणजे १, २, ३, ५, ८, १३ ही माळ. तिला फिबोनाचीचे नाव लावण्याची प्रथा लूकानेच पाडली. पण ही माळ आपल्याकडे त्याआधी विरहांक आणि हेमचंद्र यांना ठाऊक होती, आणि तीही कशासाठी? मात्रावृत्तांसाठी! लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल, याचे उत्तर ही माळ देते. चार मात्रांच्या ओळी पाच, पाच मात्रांच्या आठ. हेमचंद्राने हे बाराव्या शतकात लिहिले. लूकाने ते वाचले होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण मी ज्या पाटावर बसून मात्रा मोजायला शिकवतो, त्याच पाटाशेजारी तो बसलेला असावा, असे मला वाटले खरे.

चौकटींचा पट

१२७ घातांकासाठी पायऱ्या होतात १२५. प्रत्येक पायरीला अडतीस-एकोणचाळीस आकडी संख्येचा वर्ग आणि मग भागाकार. यंत्र नाही. लूकाने हे काम सोपे करण्यासाठी द्विमान पद्धती घेतली. तीत दोनच चिन्हे, ० आणि १; आपल्या लघु-गुरूंसारखी. तीत आपली संख्या म्हणजे ओळीने १२७ एकाचे आकडे, बाकी काही नाही! त्यामुळे भागाकाराचे काम जवळजवळ उरतच नाही. १२७ घरांच्या पलीकडे गेलेले आकडे उचलून पुन्हा आरंभापासून मांडायचे आणि मिळवायचे. त्यासाठी त्याने वर्णिलेला पट बुद्धिबळाच्या पटासारखा, पण आठ घरांचा नव्हे; १२७ उभी आणि १२७ आडवी, म्हणजे १६,१२९ घरांचा.

आपण महिन्याच्या वाण्याच्या हिशेबात दोनदा चुकतो. इथे एका सोंगटीने घर चुकवले की पुढच्या साऱ्या पायऱ्या व्यर्थ. आणि चूक झाली हे कळावे कसे? पण १२५ व्या पायरीला शून्य आले. अशा चालीत चुकून शून्य येणे जवळजवळ अशक्यच. १८७६ ते १९५१, तब्बल पंचाहत्तर वर्षे, माणसाला ठाऊक असलेल्यांत ही सर्वांत मोठी मूळ संख्या होती. यंत्राच्या मदतीवाचून सिद्ध झालेली याहून मोठी मूळ संख्या आजही नाही.

त्याच वर्षी लूकाने आणखी एक गोष्ट दाखवली. मेर्सेनच्या यादीतला ६७ खोटा आहे. संख्या फुटते हे त्याच्या कसोटीने सांगितले; पण कोणत्या तुकड्यांत, ते कसोटी सांगत नाही. तुकडे सापडायला १९०३ साल उजाडले. न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. एका बाजूला त्यांनी २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करून १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या काढली. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने हाताने गुणले. दोन्ही उत्तरे जुळली. कोल एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, असे सांगतात. हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असे पुढे कोणी विचारले तेव्हा "तीन वर्षांचे रविवार" असे उत्तर त्यांनी दिल्याची कथा आहे.

काशीचे देऊळ

लूकाचे एक अपत्य आपल्या घरातही असेल. तीन खुंट्या आणि एकावर एक लहान होत जाणाऱ्या चकत्या. एका वेळी एकच हलवायची, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही. 'हनोईचा मनोरा' या नावाचा हा खेळ लूकाने १८८३ साली टोपणनावाने बाजारात आणला. त्याबरोबर एक कथाही पसरली. काशीच्या एका देवळात हिऱ्याच्या तीन सुया आहेत, त्यांवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या. पुजारी अहोरात्र त्या हलवीत आहेत आणि काम पुरे होईल तेव्हा जगाचा अंत होईल. काशीकरांना हे देऊळ अजून सापडलेले नाही! पण हिशेब खरा आहे. चकत्यांना लागणाऱ्या कमीत कमी खेळी म्हणजे पुन्हा आपली तीच संख्या: २ चा तितका घात, उणे १. तीन चकत्यांना ७, सात चकत्यांना १२७. चौसष्टांना सेकंदाला एक खेळी धरून सुमारे अठ्ठावन्न हजार कोटी वर्षे. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. आणि १२७ चकत्या घेतल्या तर? खेळी होतील बरोबर आपल्या एकोणचाळीस आकडी संख्येइतक्या.

हा मास्तर गेला तो मात्र फार क्षुल्लक कारणाने. १८९१ साली मार्सेय येथे विद्वानांच्या परिषदेतील मेजवानीत वाढप्याच्या हातून बशा पडल्या. फुटक्या बशीचा एक तुकडा उडून लूकाच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि थोड्याच दिवसांत तो वारला. वय अवघे एकोणपन्नास.

यंत्रांचे युग

१९५१ साली लूकाचा विक्रम मोडला. आधी फेरिए या फ्रेंच गणितज्ञाने मेजावरच्या हिशेबयंत्राने चव्वेचाळीस आकडी मूळ संख्या काढली. त्याच वर्षी मिलर आणि व्हीलर यांनी केंब्रिजच्या संगणकावर एकोणऐंशी आकडी काढली. गंमत अशी की ती रचली होती लूकाच्याच संख्येवर: तिचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १. पुढच्या वर्षी, ३० जानेवारी १९५२ च्या रात्री, रॉबिन्सन यांच्या आज्ञावलीने अमेरिकेतल्या एका संगणकावर ५२१ आणि ६०७ हे दोन नवे घातांक एकाच बैठकीत दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मेर्सेन संख्येचा घातांक आहे १३,६२,७९,८४१ आणि तिचे आकडे ४,१०,२४,३२०. पण तिच्यावर अखेरचे शिक्कामोर्तब झाले ते लूका-लेमर कसोटीनेच. वर्ग करा, दोन वजा करा, बाकी ठेवा; आणि शेवटी शून्य येते का ते पाहा.

माझ्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता वळतो. उपयोग काय? मूळ संख्यांवर आज गुप्तलेखन उभे आहे. फोनवरून पैसे पाठवताना निरोप वाटेत कोणी वाचू नये म्हणून जे कुलूप लागते, त्याच्या चाव्या अशा संख्यांच्या गणितातून घडतात. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'फोरक्यू' नावाची गुप्तलेखनाची एक जलद पद्धत मांडली. तिचा पाया म्हणजे नेमकी हीच संख्या. १२७ एकाचे आकडे ओळीने असल्यामुळे भागाकार टळतो, ही लूकाच्या पटावरची सोय तिथेही कामी आली. लूकाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने सोंगट्या सरकवल्या त्या कोणाचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून नव्हेत. पिंगलाने आणि हेमचंद्राने लघु-गुरू मोजले तेही नव्हेत. समोरचे काम नीट, शेवटपर्यंत, चूक न करता करावे, एवढेच त्यांनी पाहिले.

मी हे सारे वर्गात सांगितले. तासाची घंटा होऊन गेली तरी मुले उठली नाहीत, हे माझ्या नोकरीत क्वचितच घडले आहे. मागच्या बाकावरचा तो मुलगा पुन्हा उभा राहिला. "सर, २ चा २ वा घात उणे १ म्हणजे ३. मग ३ हाच घात घेतला की ७. सातावरून १२७. आणि १२७ वरून ही मोठी संख्या. चारही मूळ. मग हिलाच घातांक केले तर?"

हाच प्रश्न १८७६ साली कातालान या गणितज्ञाने लूकाच्या शोधाच्या मागोमाग विचारला होता. त्या पुढच्या संख्येचे आकडे इतके की ते लिहायला जगातला सगळा कागद पुरणार नाही. तिला लूकाची कसोटी लावायची तर एकोणचाळीस आकडी संख्येइतक्या पायऱ्या. ती मूळ आहे की नाही, हे आजही कोणाला ठाऊक नाही.

"मलाही येत नाही," मी त्याला सांगितले. या वेळी मात्र "उद्या सांगतो" असे म्हणालो नाही.